‘मी करलं’ म्हणणारे मूल आणि आपली शाळा

घरात अडीच-तीन वर्षांचे मूल असेल, तर ‘मी करलं’ हे वाक्य त्या घरातील वडीलधाऱ्यांच्या कानांवर पडल्याशिवाय राहत नाही. मूल पाण्याचा पेला स्वतः उचलते, सदरा उलटा का होईना, पण स्वतः अंगात घालते आणि मोठ्या ऐटीत सांगते, ‘मी करलं’. आई हसते, आजी ते कौतुकाने चारचौघांत सांगते, आणि फार तर कोणी ‘करलं नाही रे, केलं’ अशी दुरुस्ती करते. मूल त्या दुरुस्तीकडे लक्ष देत नाही. पुढे वर्षा-दोन वर्षांत ते आपणहून ‘केलं’ म्हणू लागते आणि घरातील सारेजण ती गोष्ट विसरून जातात.

वस्तुतः विसरून जाण्यासारखी ही गोष्ट नव्हे. ‘करलं’ हा शब्द मुलाने कोणाकडून ऐकलेला नसतो; त्याच्या घरची मोठी माणसे तो उच्चारतच नाहीत. मुलाने ‘धर’चे ‘धरलं’, ‘भर’चे ‘भरलं’, ‘मार’चे ‘मारलं’ होताना ऐकले, त्यातून भूतकाळाचा नियम स्वतः हुडकून काढला आणि तो ‘कर’ या धातूलाही लावून पाहिला. मोरो केशव दामल्यांनी १९११ साली आपले भलेमोठे मराठी व्याकरण प्रसिद्ध केले. त्यातला एक नियम हे मूल, दूधभाताचा घास तोंडात असताना, कोणाच्याही मदतीशिवाय शोधते. नियम बरोबरच असतो. अनियमितपणा असलाच तर तो मराठी भाषेचा असतो. या साऱ्या खटाटोपात मुलाला कोणी वेळापत्रक दिलेले नसते, घटक चाचणी घेतलेली नसते, चुकीबद्दल गुण कापलेले नसतात. ते दिवसभर बडबडते, चुकते, पुन्हा बोलते, आणि पाच वर्षांचे होईतो एका संपूर्ण भाषेचा धनी होते. आपल्यापैकी कितीजणांना दहा वर्षे शाळेत इंग्रजी शिकूनही ते साधले, याचा ज्याने त्याने विचार करावा.

आता याच मुलाची पुढची हकिकत पाहा. प्रस्तुत लेखकाच्या शेजारी असाच एक साडेतीन वर्षांचा मुलगा आहे. गेल्या जूनमध्ये तो एका ‘नामांकित’ शाळेच्या नर्सरीत जाऊ लागला. संध्याकाळी त्याच्या आईबरोबर त्याचा अभ्यास चालतो. अभ्यास म्हणजे एका चौकटीच्या वहीत पानभर उभ्या रेघा आणि पानभर आडव्या रेघा. शाळेच्या परिभाषेत त्यांना ‘स्टँडिंग लाइन’ आणि ‘स्लीपिंग लाइन’ म्हणतात. मुलाची बोटे अजून पेन्सिल नीट धरण्याइतकी घट्ट झालेली नाहीत. पहिल्या दहा-बारा रेघांनंतर हात दुखू लागतो, रेघा चौकटीबाहेर जातात, आई खोडरबर फिरवते आणि पुन्हा काढावयास लावते. आई काही दुष्ट नाही. ती दिवसभर नोकरी करून थकून आलेली असते आणि दुसऱ्या दिवशी वही अपुरी गेली तर शाळेच्या डायरीत शेरा येणार, हे तिला ठाऊक असते. सुमारे सात-आठ महिन्यांत त्या मुलात एक बदल झालेला मी पाहिला. पूर्वी तो जिन्यात भेटला की प्रश्नांचा मारा करीत असे; आता काही विचारले तर उत्तर देण्यापूर्वी तो आईच्या तोंडाकडे पाहतो.

आईच्या तोंडाकडे पाहणाऱ्या या नजरेवर एका अमेरिकन शिक्षकाने आपले सारे चिंतन उभारले. त्याचे नाव जॉन होल्ट. पाचवीच्या वर्गाला शिकविताना त्याने एक साधे काम केले: शिकविणे थोडे बाजूस ठेवून मुलांकडे पाहण्यास आरंभ केला. त्याला दिसले ते असे की, मुले प्रश्नाचा विचार करीतच नाहीत. ती शिक्षकाचा विचार करतात. उत्तर पुटपुटावयाचे, शिक्षकाच्या चेहऱ्यावरची रेषा वाचावयाची, ती प्रतिकूल दिसली की उत्तर फिरवावयाचे, यांतच त्यांची सारी हुशारी खर्ची पडते. १९६४ मध्ये ‘हाऊ चिल्ड्रन फेल’ आणि १९६७ मध्ये ‘हाऊ चिल्ड्रन लर्न’ ही त्याची पुस्तके निघाली. पहिल्या पुस्तकाचा विषय शाळेतील मूल, तर दुसऱ्याचा मुख्यतः शाळेत जाण्यापूर्वीचे मूल. दोन्ही वाचली म्हणजे एकच प्राणी दोन वेगळ्या जातींचा कसा झाला, असे वाटू लागते. प्रारंभी होल्टला शाळा सुधारावयाच्या होत्या. पुढे त्याची ती आशा सुटली. १९७७ मध्ये त्याने मुलांना शाळेत न घालता वाढविणाऱ्या पालकांसाठी एक नियतकालिक सुरू केले आणि ‘अनस्कूलिंग’ हा शब्द रूढ केला. त्याच्या आधी, १९७१ मध्ये, इव्हान इलिच याने समाजालाच शाळामुक्त करण्याचा विचार मांडला होता. त्या काळी आपल्याकडील विचारवंतांतही इलिचची चर्चा होत असे. आज तो फारसा कोणी वाचीत नाही. परंतु होल्टचे मात्र अनुयायी वाढत आहेत. पुण्या-मुंबईतही काही सुशिक्षित कुटुंबांनी आपली मुले शाळेतून काढून घेतली आहेत किंवा मुळात घातलेलीच नाहीत. मुलाला खेळू द्या, त्याच्या जिज्ञासेला वाव द्या, ते आपले आपण शिकेल, असा या मंडळींचा विश्वास आहे.

हा विश्वास केवळ भाबडा आहे असे म्हणून उडवून लावता येणार नाही. त्याला आधार आहेत, आणि त्यांतला एक तर फारच बोलका आहे. ब्राझीलमधील रेसिफे या शहरात रस्त्यावर नारळ, कलिंगडे, मक्याची कणसे विकणाऱ्या पाच मुलांचा अभ्यास तिघा संशोधकांनी केला आणि १९८५ मध्ये तो प्रसिद्ध झाला. मुले नऊ ते पंधरा वर्षांची. संशोधक प्रथम गिऱ्हाईक म्हणून त्यांच्याकडे गेले, भाव विचारले, माल मागितला आणि किती पैसे झाले, किती परत येणार, हे त्यांच्याकडून काढून घेतले. अशा तोंडी व्यवहारात मुलांची ९८ टक्के उत्तरे बरोबर आली. काही दिवसांनी त्याच मुलांना त्याच आकड्यांची उदाहरणे कागद-पेन्सिल देऊन शाळेच्या पद्धतीने घातली. कोऱ्या आकडेमोडीत बरोबर उत्तरांचे प्रमाण ३७ टक्क्यांवर आले.

त्यातले एक उदाहरण मला विसरता येत नाही. नारळ ३५ क्रुझेरोला एक. चार नारळांचे किती, असे गिऱ्हाइकाने विचारताच मुलगा म्हणतो, तिहींचे एकशे पाच, त्यात तीस, एकशे पस्तीस… एकशे चाळीस. उत्तर अचूक. तिहींचे एकशे पाच हे त्याला रोजच्या विक्रीमुळे पाठच होते; त्याने तिथून चाल केली आणि पस्तिसाचे तीस आणि पाच असे तुकडे करून मिळविले. पुढे तोच ३५ गुणिले ४ हा गुणाकार कागदावर आला. आता मुलगा शाळेत शिकलेली रीत आठवू लागला: पाच चोक वीस, वीसाचे शून्य, हातचे दोन, दोन आणि तीन पाच, पाच चोक वीस. उत्तर लिहिले, २००! चार नारळांचे दोनशे घेतले तर गिऱ्हाईक भांडेल, हे ज्या मुलाला रस्त्यावर क्षणात कळले असते, त्याला कागदावर त्या उत्तरात काही खटकले नाही. कारण कागदावरचे ३५ हे नारळाचे पैसे नव्हतेच. ते गुरुजींचे आकडे होते.

आपल्याकडचेच उदाहरण हवे असेल तर विटीदांडू घ्यावा. विटी किती दांडूंवर जाऊन पडली, याचा अंदाज खेळणाऱ्याने नजरेने करावयाचा. प्रतिपक्षाला तो मान्य नसेल तर दांडूने प्रत्यक्ष मोजावयाचे. म्हणजे अंतराचा अंदाज, मापनाचे एकक आणि वादाचा निवाडा, या तिन्ही गोष्टी धुळीत उभ्या राहून शिकल्या जात. मोजणीचे शब्दही मजेचे होते: वकट, लेंड, मूंड, नाल. तेलुगूतील ओकटि, रेंडु, मूडु, नालुगु यांची ती आपल्या अंगणात रुळलेली रूपे आहेत, हे खेळणाऱ्याच्या गावीही नसे. सागरगोट्यांतले गट, लगोरीच्या ठिकऱ्या, भातुकलीतील वाटप, आट्यापाट्यांतले नियम आणि त्या नियमांवरून होणारी भांडणे, यांतून मुले जे शिकत त्याचा हिशेब कुठल्याच प्रगतिपुस्तकात लागत नाही. भांडणांचा उल्लेख मी मुद्दाम केला. मोठ्यांनी आखलेल्या आणि मोठ्यांनीच शिटी वाजवून चालविलेल्या खेळात मुलांना भांडून नियम ठरविण्याची संधीच उरत नाही. क्रीडाशिबिरे आणि खेळ या दोन गोष्टी एक नाहीत.

इथवर होल्टच्या पक्षाशी माझे काही भांडण नाही. पुढे मात्र आहे.

रेसिफेच्या मुलांची गोष्ट सांगताना शाळामुक्तीचे पुरस्कर्ते बहुधा अर्ध्यावर थांबतात. अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दिल्ली व कोलकाता येथील बाजारांत काम करणाऱ्या मुलांचा असाच अभ्यास केला. तो २०२५ मध्ये प्रसिद्ध झाला. बाजारातील मुले अवघड व्यवहार तोंडी करतात, पण शाळेतील सोपी वजाबाकी-भागाकारही त्यांना जमत नाहीत, हे त्यात दिसलेच. परंतु त्याची दुसरी बाजूही दिसली: शाळेत जाणारी मुले पुस्तकातली गणिते सोडवितात आणि बाजाराचा साधा हिशेब समोर आला की गोंधळतात. दोन्ही ज्ञाने आपापल्या कुंपणात राहतात. शाळेचे कुंपण मोडले पाहिजे, हा एक निष्कर्ष झाला. पण बाजारात वाढलेले मूलही आपल्या कुंपणातून आपोआप बाहेर पडत नाही, हा दुसरा निष्कर्ष तितकाच खरा आहे. नारळ विकणाऱ्या त्या मुलाला तिहींचे एकशे पाच येतात म्हणून बीजगणित येणार नाही. ते त्याला कोणीतरी दाखवावे लागेल.

बोलणे आणि वाचणे यांतही असाच भेद आहे. बोलणे मानवी शरीराला जन्मतः मिळालेले देणे आहे. जगात जिथे माणूस आहे तिथे भाषा आहे. लिपी ही मात्र माणसाने सुमारे पाच हजार वर्षांपूर्वी केलेली युक्ती आहे आणि अनेक भाषांना ती कधी मिळालीच नाही. मूल माणसांत राहून बोलू लागते. तसेच ते माणसांत राहून वाचू लागेल, असे गृहीत धरता येत नाही. ज्या घरात कपाटभर पुस्तके आहेत, रात्री निजताना गोष्ट वाचून दाखविली जाते, दुकानांच्या पाट्यांवरची अक्षरे कोणी बोट ठेवून सांगते, तिथले एखादे मूल खेळता खेळता वाचावयास शिकते हे खरे; मग त्याचे पालक म्हणतात, आम्ही काही शिकविलेच नाही. त्यांनी शिकविले, फक्त त्यांच्या ते ध्यानात आले नाही. घरानेच शिकविले.

आणि सर्वांची घरे सारखी नाहीत, ही गोष्ट निदान महाराष्ट्राने तरी विसरू नये. १८४८ मध्ये पुण्याच्या भिडे वाड्यात मुलींची शाळा निघाली तेव्हा तिथे शिकवावयास जाणाऱ्या सावित्रीबाईंच्या अंगावर चिखल आणि शेण पडले. अंगणात खेळून मुले आपोआप शहाणी होतात, एवढाच जर शिक्षणाचा अर्थ असता, तर शाळेच्या दारात एवढा विरोध करण्याचे सनातन्यांना कारण नव्हते. १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे जोतीरावांनी जे निवेदन केले, त्यात रयतेच्या पैशावर वरिष्ठ वर्गांचे उच्च शिक्षण चालते, ही तक्रार होती आणि बारा वर्षांपर्यंतच्या मुलांना प्राथमिक शिक्षण सक्तीचे करा, ही मागणी होती. तथापि, जोतीरावांना पुस्तकी शाळा हवी होती असेही नव्हे. खेड्यातला शिक्षक शेतकरी वर्गातून आलेला असावा आणि प्रसंगी नांगर धरण्यास त्याला लाज वाटू नये, हे त्यांनी त्याच निवेदनात सांगितले. सक्ती आणि नांगर हे दोन्ही एका माणसाने एकाच कागदावर मागितले, हे मला फार महत्त्वाचे वाटते.

आजही बीडकडची ऊसतोडणी करणारी कुटुंबे पावसाळा सरला की कारखान्यांच्या फडांवर जातात आणि उन्हाळ्यात परततात. त्यांची मुले फडावर असतात. त्यांच्याकडे मोकळे आकाश आहे, माती आहे, वेळापत्रक नाही, गृहपाठ नाही. धाकट्या भावंडाला कडेवर घेऊन वाढे गोळा करणाऱ्या आठ वर्षांच्या मुलीला ‘अनस्कूलिंग’ चालले आहे, असे कोणी म्हणत नाही. तिच्यासाठी आपण ‘शाळाबाह्य’ हा शब्द राखून ठेवला आहे. हा भेद शब्दांपुरता नाही. एका कुटुंबाने शाळा नाकारली आहे; दुसऱ्याला शाळेने नाकारले आहे.

मग मुलाला शाळेत नेऊन त्याची जिज्ञासा मारावयाची, की घरी ठेवून घराच्या भाग्यावर सोडावयाचे? हा पेच खरा आहे. परंतु तो सोडविण्यासाठी अमेरिकेला जाण्याचे कारण नव्हते. ठाणे जिल्ह्यात, आता पालघरमध्ये असलेल्या डहाणू तालुक्यातील कोसबाडला गेले तरी चालले असते.

ताराबाई मोडक तरुणपणी भावनगरला गिजुभाई बधेका यांच्या बालमंदिरात काम करीत होत्या. गिजुभाई मूळचे वकील. १९२० मध्ये त्यांनी दक्षिणामूर्ती संस्थेत बालमंदिर काढले आणि मुलांच्या मागे ते असे लागले की, लोक त्यांना ‘मूछाळी मा’, मिशावाली आई, म्हणू लागले. त्यांच्या ‘दिवास्वप्न’ या पुस्तकातला प्रयोगशील शिक्षक पहिल्याच दिवशी पुस्तकात वाचलेला शांतीचा खेळ वर्गात घेऊ पाहतो आणि साफ फसतो. मुले गोंगाट करतात, आणि तो सुट्टी देऊन मोकळा होतो. दुसऱ्या दिवशी तो गोष्ट सांगू लागतो आणि वर्ग त्याचा होतो. आपल्या पद्धतीचे गोडवे गाणारी शिक्षणशास्त्राची पुस्तके पुष्कळ आहेत. नायकाच्या फजितीने सुरू होणारे हे एकच माझ्या वाचनात आहे. १९२६ मध्ये ताराबाई आणि गिजुभाई यांनी नूतन बालशिक्षण संघ स्थापन केला. पुढे १९४५ मध्ये ताराबाईंनी बोर्डीला ग्रामीण बालशिक्षणाचे काम मांडले, त्याच वर्षी अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या, आणि १९५७ मध्ये ते काम कोसबाडच्या टेकडीवर गेले.

त्यांच्यापुढची अडचण आजच्या शाळामुक्तीवाद्यांच्या अडचणीच्या नेमकी उलट होती. इथे मुले शाळेला कंटाळलेली नव्हती. ती शाळेत येतच नव्हती. बालवाडी सुरू केली तर दलित वस्तीतील मुले येईनात. तेव्हा बाईंनी बालवाडीच उचलून त्यांच्या वस्तीत, त्यांच्या अंगणात नेली. अंगणवाडी हा शब्द असा जन्मास आला. कोसबाडला वारली मुले गुरे चारावयास जात. तर शिक्षक कुरणात गेले आणि कुरणशाळा सुरू झाली. मोठ्या मुली धाकट्या भावंडांना सांभाळीत म्हणून शिकू शकत नव्हत्या. तेव्हा पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक वर्ग एकाच आवारात आणून विकासवाडी उभी केली. माँटेसोरीची साधने चांगली, पण महाग आणि परकी. त्याऐवजी शिंपले, खडे, बिया, पाने आणि माती आली. मोजावयाचे ते चिंचोके, रंग ओळखावयाचे ते फुलांचे, वळवावयाची ती माती. खेळ हे तिथे अभ्यासानंतर मिळणारे बक्षीस नव्हते आणि मुलांना अभ्यासाकडे ओढण्याचे आमिषही नव्हते. तोच अभ्यास होता. मात्र खेळाच्या शेजारी एक जाणती बाई बसलेली असे, आणि मूल एका पायरीवर आले की पुढची पायरी कोणती, हे तिला ठाऊक असे.

होल्टच्या अनुयायांना ती बाई नको आहे, आणि आपल्या शाळांना तो खेळ नको आहे. माझ्या मते सारा प्रश्न इथे आहे.

अनुताईंचे स्वतःचे आयुष्यही या बाबतीत साक्ष देते. तेराव्या वर्षी त्यांचे लग्न झाले आणि सहा महिन्यांच्या आत वैधव्य आले. त्या काळच्या अशा मुलीचे घर तिला काय शिकविणार होते, हे सांगावयास नको. शाळेने तिला बाहेर काढले, शिक्षिका केले. शाळेचे एवढे ऋण ज्या स्त्रीवर होते, तिने शाळा मोडण्याचा विचार न करता ती उचलून कुरणात नेली, यात मला विसंगती दिसत नाही.

पुढे अंगणवाडीचे काय झाले? २ ऑक्टोबर १९७५ रोजी केंद्र शासनाने एकात्मिक बालविकास सेवा योजना ३३ प्रकल्पांत सुरू केली आणि कोसबाडचा शब्द देशभर गेला. शब्द गेला, त्यामागची दृष्टी तितकीशी गेली नाही. आज अंगणवाडी सेविका वजने घेते, आहार वाटते, लसीकरणाला मुले गोळा करते, सर्वेक्षणे करते, नोंदवह्या भरते आणि २०२१ पासून पोषण ट्रॅकर नावाच्या मोबाइलवरच्या नोंदीही करते. या साऱ्यांतून उरलेल्या वेळात तिने मुलांबरोबर खेळावे, अशी अपेक्षा आहे. तिला मिळते त्याला वेतनही म्हणत नाहीत, मानधन म्हणतात. त्या मानधनासाठी डिसेंबर २०२३ मध्ये महाराष्ट्रातील सेविका संपावर गेल्या तेव्हा चर्चा झाली ती आहारवाटप बंद पडल्याची. मुलांचे शिकणे बंद पडले, असे म्हणताना मी कोणाला ऐकले नाही. ते तिथे चालते, हेच आपण मानीत नाही. म्हणून खेड्यातला मजूरही चार पैसे जोडले की मुलाला टाय बांधून पिवळ्या गाडीत बसवितो आणि स्टँडिंग लाइन काढावयास पाठवितो.

त्या मजुराला हसणे सोपे आहे. त्याने आयुष्यभर पाहिले आहे की, ज्यांना इंग्रजी येते ते खुर्चीवर बसतात. मुलाने लवकर सुरुवात केली तर ते पुढे जाईल, हा त्याचा हिशेब आहे. दुर्दैवाने हा हिशेब नारळाच्या दोनशेसारखा आहे. लवकर लिहावयास लावलेले मूल लवकर शिकते असे होत नाही. आपल्या ग्रामीण भागात पाचवीतील सुमारे निम्म्या मुलांना दुसरीचा उतारा नीट वाचता येत नाही, हे ‘असर’च्या पाहण्या वर्षानुवर्षे सांगत आहेत. आणि फिनलंडमध्ये सक्तीचे शालेय शिक्षण सातव्या वर्षी सुरू होते. तिथली मुले अडाणी राहिल्याचे ऐकिवात नाही.

शासनाला हे कळत नाही असे नाही. यशपाल समितीने १९९३ मध्ये दप्तराच्या आणि न समजणाऱ्या अभ्यासाच्या ओझ्याविषयी स्पष्ट लिहिले. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने प्रवेशासाठी मुलांची व पालकांची चाचणी घेण्यास मनाई केली. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने तीन ते आठ या वयाचा एक पायाभूत टप्पा मानून त्यात खेळाला मध्यवर्ती स्थान दिले, आणि २०२३ मध्ये ‘जादुई पिटारा’ नावाची खेळण्यांची पेटीही निघाली. खेळ आता पेटीत भरून, यादी करून शाळेत येणार. आणि हिशेबाला जपणारे मुख्याध्यापक एखादे खेळणे मोडू नये म्हणून ती पेटी कुलपात ठेवणार, हे ज्यांनी आपल्या शाळांतील प्रयोगशाळांची कपाटे पाहिली आहेत त्यांना वेगळे सांगावयास नको. याउलट पुण्यात अरविंद गुप्ता यांनी काडेपेटीच्या काड्या, जुन्या सायकलींच्या व्हॉल्व्ह ट्यूब आणि टाकाऊ कागद यांतून विज्ञानाची खेळणी केली. ती मोडली तर मूल दुसरे करते. कोसबाडच्या शिंपल्यांशी त्यांचे नाते आहे.

धोरणे कागदावर असताना करावयाच्या काही गोष्टी अगदी साध्या आहेत. सहा वर्षांखालील मुलाच्या हाती रेघांची वही देणे आणि त्याला घरचा अभ्यास देणे शासनाने बंद करावे. खासगी नर्सरींनाही ते लागू करावे, कारण खरे दुखणे तिथे आहे. अंगणवाडी सेविकेच्या नोंदी करावयास दुसरे माणूस द्यावे आणि तिला मुलांपाशी बसू द्यावे. ती शिक्षिका असेल तर तिला शिक्षिकेचे वेतन द्यावे. पहिली-दुसरीच्या वर्गाला दिवसाकाठी निदान तासभर असा मिळावा की ज्यात कोणी शिटी वाजविणार नाही. शहरांत तर मैदानाचाच प्रश्न आहे. उपाहारगृहाच्या वर दोन खोल्यांत भरणाऱ्या शाळेला मान्यता कशी मिळते, हे एकदा तरी कोणीतरी जाहीरपणे सांगावे.

राहता राहिला तो मुलांना घरीच शिकू देणाऱ्या मूठभर कुटुंबांचा प्रश्न. शिक्षणहक्क कायद्याच्या दहाव्या कलमाने मुलाला शेजारच्या शाळेत घालणे हे पालकांचे कर्तव्य ठरविले आहे. ते न केल्यास शिक्षा मात्र सांगितलेली नाही, आणि घरी शिकविण्याचा कायद्यात उल्लेखच नाही. या अंधारात ही कुटुंबे चाचपडतात. त्यांना गुन्हेगार समजण्याचे कारण नाही. मुक्त विद्यालयाच्या परीक्षांची वाट त्यांच्या मुलांना उपलब्ध आहे. शासनाने त्यांची साधी नोंद करून घ्यावी, मूल सुखरूप आहे आणि शिकते आहे एवढे वर्षाकाठी पाहावे आणि त्यांना त्यांच्या वाटेने जाऊ द्यावे. ही नोंद मात्र हवीच. तिच्याशिवाय उद्या एखादा वीटभट्टीवाला आपल्याकडे राबणारी मुले ‘निसर्गतः शिकत आहेत’ असे सांगेल, आणि आपल्याजवळ उत्तर नसेल. त्या कुटुंबांकडूनही एक मागणे आहे. मुलाकडे तासन्‌तास, न बोलता, न दुरुस्त करता पाहण्याची जी सवय त्यांनी जोडली आहे, ती डी.एड.च्या कोणत्याही पुस्तकात शिकावयास मिळत नाही. आठवड्यातून एखादी दुपार त्यांनी जवळच्या महापालिकेच्या बालवाडीत जाऊन बसावे आणि तिथल्या बाईंना, त्यांची हरकत नसेल तर, काय दिसले ते सांगावे.